कोराहोल्मेनची लाल माती

सिंहगडावर टिळकांच्या बंगल्याजवळ आम्ही पिठलं-भाकरी खायला बसलो होतो. मडक्यातल्या दह्यात बोट बुडवत सर म्हणाले, "ते 'आर्क्टिक होम' आता कोण वाचतं? ते सगळं पुस्तक त्या वेळच्या भूशास्त्राच्या खांद्यावर बसलेलं होतं. भूशास्त्र पुढे गेलं आणि पुस्तक खाली पडलं." सर इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. मी त्यांचा तीस वर्षांपूर्वीचा विद्यार्थी. त्यांच्याशी वाद घालायची सवय त्यांनीच लावलेली. मी विचारलं, "सर, भूशास्त्रातलं नेमकं काय पडलं?" ते म्हणाले, "ते तू जाऊन बघ. उत्तर ध्रुवाकडे जायचं वेड शाळेपासून तुलाच आहे ना?"

वेड आहे, हे खरं. वडिलांच्या कपाटात टिळकांचं ते १९०३ सालचं इंग्रजी पुस्तक होतं, वैदिक लोकांचं मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ होतं असं सांगणारं. सहा महिन्यांचा दिवस, सहा महिन्यांची रात्र आणि कित्येक दिवस क्षितिजावर फिरत राहणारी उषा, एवढंच त्यातलं मला लहानपणी कळलं होतं. पण मोठेपणी मला धरून ठेवलं ते त्याच्या दुसऱ्या प्रकरणानं. त्यात वेद नाहीत, हिमयुग आहे. शेवटचं हिमयुग संपलं कधी, यावर तेव्हा युरोप-अमेरिकेत जोरदार भांडण चालू होतं. स्कॉटलंडच्या जेम्स क्रोलनं पृथ्वीच्या कक्षेच्या गणितातून सांगितलं होतं, ८०,००० वर्षांपूर्वी. अमेरिकी भूशास्त्रज्ञ नायगारासारख्या धबधब्यांनी खडक किती कापला ते मोजून म्हणत होते, इतकं जुनं नाही, फार तर १०,००० वर्षांच्या आसपास. टिळकांनी अमेरिकी मोजणी स्वीकारली आणि हिमोत्तर काळाचा आरंभ इ. स. पू. १०,००० ते ८,००० असा धरला. 'ओरायन' या आधीच्या पुस्तकात ज्यानं आकाशाच्या गणितावर वेदांचा काळ ठरवला, त्याच माणसानं इथे कागदावरचं गणित बाजूला ठेवून जमिनीवरची मोजणी पत्करली. मला हे फार मोलाचं वाटत आलं आहे.

म्हणून गेलो. स्वालबार्ड या नॉर्वेच्या ध्रुवीय बेटांवर जायला व्हिसा लागत नाही, पण नॉर्वेतूनच जावं लागतं आणि परत नॉर्वेतच उतरावं लागतं. त्यामुळे दोनदा प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा घ्यायला विसरू नये. ऑस्लो, मग ट्रोम्सो, तिथे पुन्हा पासपोर्ट तपासणी, आणि दीड-दोन तासांत खाली ढग फाटून लाँगइयरब्येन दिसतं. अक्षांश ७८ अंश १३ मिनिटं उत्तर.

विमानातून उतरल्यावर पहिली गोष्ट मनात आली ती सह्याद्रीची. माथे सपाट, कडे पायऱ्यापायऱ्यांचे, थरावर थर आडवे. राजगडाच्या माचीवरून दिसतात तशा डोंगररांगा, फक्त झाड एकही नाही आणि घळींत हिमनद्या. खडक मात्र आपला नाही. आपला काळा बसाल्ट लाव्हाचा, इथले थर वाळूचे आणि गाळाचे, आणि त्यांत कोळसा. दख्खनचा लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिला. तो निवून फार काळ लोटला नव्हता, तेव्हा इथे दलदलीत जंगलं वाढत होती. त्यांचाच हा कोळसा, सुमारे ६ कोटी वर्षांचा. गावामागच्या हिमनदीनं आणून टाकलेल्या दगडांत रुंद पानांचे ठसे सहज सापडतात. मी एक उचलला. शिरा न् शिरा दिसत होती.

राहायची सोय खाणकामगारांच्या जुन्या बराकीत होती. खोलीचं भाडं पुण्यातल्या चांगल्या हॉटेलच्या चौपट, सामाईक न्हाणीघर आणि खिडकीला इतका पातळ पडदा, की रात्री दोन वाजता ऊन थेट उशीवर. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत इथे सूर्य मावळतच नाही. अशा गावात खोली भाड्यानं देणाऱ्यानं जाड पडदा लावू नये, हा मला अन्याय वाटला. चार रात्री नीट झोप नाही. त्यापेक्षा जास्त खंत वेगळीच होती. टिळकांच्या त्या उषेसाठी मी इतक्या लांब आलो आणि नेमका जुलैत आलो, उषा नसलेल्या ऋतूत. ती इथे फेब्रुवारीत येते. सूर्य डोंगराआडच राहतो, आभाळ आठवडेच्या आठवडे तांबूस होत जातं, आणि ८ मार्चला पहिलं ऊन गावात जुन्या इस्पितळाच्या पायऱ्यांवर पडतं. त्यासाठी सगळं गाव तिथे जमतं.

जगाच्या बियाण्यांची तिजोरी, अस्वलाच्या चित्राची पाटी, सगळे बघतात तेवढं मीही बाहेरून बघितलं. म्युझियममध्ये मात्र रमलो. दारात चपला-बूट काढायचे; कोळशाची धूळ घरात येऊ नये म्हणून खाणकामगारांनी पाडलेली रीत, खाणी संपल्या तरी टिकून आहे. नॉर्वेची इथली शेवटची कोळशाची खाण २०२५ मध्ये बंद झाली. मोजे घालून नकाशांपुढे उभं राहताना आपल्याच कुणाच्या घरी आल्यासारखं वाटलं.

या द्वीपसमूहाचा निम्म्याहून जास्त भाग बर्फाखाली आहे. त्याचा नकाशा करणं म्हणजे दुहेरी काम. खडक कुठे, कोणत्या काळाचा, हे शोधायचं. आणि ज्याच्यावरून चालायचं तो बर्फ मोजायचा. डच दर्यावर्दी बॅरेंट्सनं १५९६ मध्ये हा किनारा पाहिला, टोकदार डोंगरांवरून स्पिट्सबर्गेन म्हटलं. मग दोनशे वर्षं व्हेलमाऱ्यांनी फक्त खाडीकिनारे रेखले, आतला भाग कोराच. भूशास्त्रज्ञ म्हणून पहिला आला तो नॉर्वेचा कायलहाऊ, १८२७ मध्ये. त्याच्यामागून स्वीडनचे लोक आले, नूर्देनशेल्ड पुन्हा पुन्हा आला, आणि गोटेबोर्गच्या ज्या व्यापाऱ्यानं पैसे दिले त्या डिक्सनचं नाव एका फ्योर्डला मिळालं. १८९६ मध्ये इंग्रज कॉनवेनं या बेटाचा अंतर्भाग पहिल्यांदा ओलांडला. चारच वर्षांपूर्वी तो काराकोरममध्ये हिस्पर आणि बिआफो हिमनद्यांचा नकाशा करत होता. १९२० मध्ये पॅरिसला या भूमीचा करार झाला, तेव्हा साम्राज्याचा भाग म्हणून हिंदुस्थानच्याही नावानं सही झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टिळक गेले.

पण मला हवा होता तो येरार्ड डे येर. स्टॉकहोमचा हा भूशास्त्रज्ञ १८८२ मध्ये पहिल्यांदा इथे आला आणि १८९६ मध्ये कॅमेरा घेऊन परतला. लांबी अचूक मोजलेल्या रेषेच्या दोन टोकांवरून एकाच डोंगराचे फोटो घ्यायचे, दोन्ही फोटोंतले कोन काढायचे, आणि जिथे पाय ठेवता येत नाही तो कडा, ती हिमभेग कागदावर उतरवायची. वारा पडला आणि धुकं हटलं की तासभर मिळतो, तेवढ्यात काम उरकायचं. ईसफ्योर्डचा नकाशा त्यानं असा केला. त्या नकाशातली एक जागा मला डोळ्यांनी पाहायची होती, एकमनफ्योर्डमधलं कोराहोल्मेन हे छोटं सपाट बेट.

त्यासाठी दिवसभराच्या बोटीत जागा घेतली. वाटाड्या तरुण होता, अस्वलांविषयी अखंड बोलत होता आणि घड्याळाकडे बघत होता. कोराहोल्मेन जवळ आलं तेव्हा मी विचारलं, उतरता येईल का? वेळ नाही, जेवणाची वेळ झाली, म्हणाला. सतरा माणसांच्या सूपसाठी ते बेट गेलं, याचा राग मला अजून आहे. वीस मिनिटं बोट थांबली, तेवढ्यात दुर्बीण डोळ्याला लावून उभा राहिलो.

शेजारचं फ्लिंटहोल्मेन पाटासारखं सपाट आणि फिकट. कोराहोल्मेनच्या मात्र एका बाजूवर विटेच्या रंगाचे उंचवटे, ओबडधोबड, जणू कुणी ट्रकांनी माती आणून ओतली आहे. ती माती त्या बेटाची नाहीच. १८८२ च्या पाहणीत समोरची सेफस्ट्रोम हिमनदी बेटापासून दूर होती. १८९६ मध्ये डे येर परत आला, तर हिमनदी फ्योर्ड ओलांडून बेटावर चढलेली. आधीचा नकाशाच चुकला असेल, असं म्हणणं सोपं होतं. त्यानं तसं केलं नाही. दोन्ही नोंदी खऱ्या धरल्या आणि मधल्या चौदा वर्षांत बर्फ धावला हे मान्य केलं. पुढे बर्फ मागे हटला आणि लाल चिखल बेटावर ठेवून गेला. आज ती हिमनदी दूर, फ्योर्डच्या पलीकडे निळसर रेघेसारखी दिसते.

अशा हिमनद्या स्वालबार्डमध्ये पुष्कळ आहेत. दशकानुदशकं त्या जागच्या हलत नाहीत म्हटलं तरी चालेल. वरच्या अंगाला हिम साठत राहतं. मग तळाशी पाणी अडकतं, बुडाची पकड सुटते आणि सगळा प्रवाह एकदम पुढे येतो. ब्रोस्वेल हिमनदी १९३० च्या दशकात अशीच वीस किलोमीटरपर्यंत समुद्रात घुसली. म्हणून एका वर्षाच्या नकाशावरून बर्फाविषयी काही ठरवू नये.

१९१० मध्ये स्टॉकहोमला आंतरराष्ट्रीय भूशास्त्र काँग्रेस भरली आणि त्या उन्हाळ्यात डे येर जगभरच्या भूशास्त्रज्ञांना बोटीनं इथे घेऊन आला. त्यांत लॅम्प्लू नावाचा ब्रिटिश होता. कोराहोल्मेनच्या लाल मातीत त्याला समुद्री शिंपले दिसले. बर्फानं फ्योर्डचा तळ खरवडून वर आणला होता. इंग्लंडच्या टेकड्यांवरच्या मातीत शिंपले का सापडतात, याचं उत्तर त्याला इथे मिळालं. समुद्र टेकडीवर चढला असं मानायची गरज नव्हती, बर्फानं समुद्राचा तळ चढवला होता.

आणि त्याच काँग्रेसमध्ये डे येरनं आपलं मोठं काम मांडलं. वितळत्या बर्फापुढच्या तळ्यात दरवर्षी चिकणमातीचा एक जोडथर बसतो, उन्हाळ्याचा जाडसर, हिवाळ्याचा बारीक. झाडाच्या वलयांसारखे ते मोजता येतात. विद्यार्थ्यांच्या तुकड्या पाठवून त्यानं स्वीडनभर ते मोजले आणि गेल्या १२,००० वर्षांची कालगणना मांडली. हिमयुग संपल्याला ८०,००० नव्हे, दहा-बारा हजारच वर्षं झाली, हे आता मातीचे थर एकेक करून सांगत होते. आजची मोजणी ११,७०० वर्षं म्हणते, म्हणजे इ. स. पू. ९,७०० च्या सुमारास. टिळकांच्या दोन आकड्यांच्या मध्येच. काँग्रेस भरली त्या १९१० च्या ऑगस्टमध्ये टिळक मंडालेच्या तुरुंगात होते.

बोटीच्या कठड्याला टेकून हे मनात आलं आणि पुढचं पिरामिडेन गाव, तिथला लेनिनचा पुतळा, मला काही दिसलं नाही.

गावात परतल्यावर सरांना लांबलचक मेसेज लिहिला. उत्तर लगेच आलं. "काळ बरोबर निघाला, कबूल. पण 'ओरायन'मधल्या तारखांच्या मागे बसेल असाच काळ त्याला हवा होता. ८०,००० घेतला असता तर सगळा डाव मोडला असता. हवं ते निवडलं, ते खरं निघालं." हा मुद्दा मला खोडता आला नाही. हवं होतं म्हणून निवडलं असेल. तरी निवडीसाठी पुरावा तपासला, दोन्ही बाजू वाचकापुढे ठेवल्या, आणि तेही पुण्यात बसून, एकही हिमनदी न पाहता.

सरांचं दुसरं वाक्य होतं, "आणि जागेचं काय?" जागेचं उत्तर किनाऱ्यावर लिहिलेलं आहे. ईसफ्योर्डच्या काठानं आजच्या लाटांपासून कितीतरी वर, एकामागे एक, गोट्यांचे जुने किनारे पायऱ्यांसारखे दिसतात. प्रचंड बर्फाच्या ओझ्यानं ही जमीन खाली दबली होती. ओझं गेल्यावर ती वर आली. हिमयुगात स्वालबार्ड आणि त्याच्या पूर्वेचा सगळा बॅरेंट्स समुद्र बर्फाखाली होता. त्याआधी इथे माणसं राहिल्याची एकही खूण नाही. बॉस्टन विद्यापीठाच्या वॉरेननं १८८५ मध्ये मानवाचा पाळणा ध्रुवावर मांडला आणि टिळकांना त्याचा आधार वाटला. पण वॉरेनच्या काळी ज्यांची चर्चा होती ती ध्रुवाकडच्या उबदार जंगलांची पानं कोट्यवधी वर्षांपूर्वीची. तसलंच एक माझ्या खिशात होतं. काळ बरोबर होता, जागा चुकली होती. दोन्ही मोजून कळलं.

मोजणीचं मोल इथे वेगळ्या रीतीनंही दिसतं. १९३६ आणि १९३८ मध्ये नॉर्वेनं विमानातून या डोंगरांचे तिरपे फोटो काढले, नकाशांसाठी. अलीकडे संशोधकांनी त्याच फोटोंवरून १,५९४ हिमनद्यांचा तेव्हाचा आकार पुन्हा उभा केला आणि आजच्याशी ताडून पाहिला. या शतकाच्या अखेरपर्यंत बर्फ पातळ होण्याचा वेग १९३६ ते २०१० च्या दुपटीहून जास्त होईल, असा २०२२ मधला त्यांचा निष्कर्ष आहे. एका हिमनदीच्या धावण्यावरून हे ठरवलेलं नाही; सगळ्यांचा हिशेब मिळून ठरवलेलं आहे. उत्तरेला नी-ओलेसुंडमध्ये आपलं 'हिमाद्री' केंद्र २००८ पासून आहे, आणि गोव्यात वास्कोहून चालणाऱ्या ध्रुवीय संशोधन केंद्राची माणसं तिथल्या वेस्त्रे ब्रोगर हिमनदीवर खुंट्या रोवून बर्फाचा जमाखर्च मांडतात. दोन्ही कामं तीच, डे येरची.

सिंहगडावर जाल तेव्हा बंगल्यासमोर फोटो काढून परतू नका. 'आर्क्टिक होम'चं दुसरं प्रकरण बरोबर न्या, कुठल्याही ग्रंथालयात मिळेल. वेदांचा भाग पटो न पटो, तेवढं एक प्रकरण गडावर बसून वाचा.