हरिपूरचीं पेवें आणि हळदीचें मलम

सांगलीपासून सुमारें कोसभर अंतरावर, वारणा कृष्णेस मिळते त्या संगमाकांठीं, हरिपूर हें गांव आहे. भाविक तेथें जातात ते संगमेश्वराच्या दर्शनास. नाट्यरसिक जातात ते गोविंद बल्लाळ देवल यांची जन्मभूमि पाहावयास. आम्ही गेलों तें हळदीसाठीं. 'शारदा' लिहिणाऱ्याचें गांव आणि हळदीचें कोठार एकच असावें, हा योगायोग गमतीचा आहे. कोणाच्या अंगास हळद लागावी व कोणाच्या लागूं नये, हाच तर त्या नाटकांतील वाद!

हल्लीं बाजारांत हळदीचीं मलमें, साबण व उटणीं यांचें पेव फुटलें आहे. 'पेव फुटणें' हा वाक्प्रचार आपण नित्य वापरतों. पण पेव डोळ्यांनीं पाहिलेलीं माणसें आतां थोडीं. हरिपूरचें पेव म्हणजे जमिनींत खणलेला प्रचंड रांजणच. तोंड एक माणूस उतरेल इतकें अरुंद, पोट विस्तीर्ण, खोली वीस-पंचवीस फूट. तेथील माती अशी कीं नदी जवळ असूनहि आंत ओल येत नाहीं. आंतून शेणानें सारवून, गवता-पाल्याचा थर देऊन हळकुंडें भरतात आणि तोंड लिंपून टाकतात. बंद पोकळींतील प्राणवायु हळूहळू संपतो. मग कीड जगत नाहीं व माल वर्षानुवर्षें टिकतो. जी हवा किडीस मारक, तीच माणसासहि. म्हणून पेव उघडल्यावर कांहीं तास तसेंच ठेवावें लागतें. "गुरुजी, पेवाला आधी दिव्यानं विचारायचं, मग माणसानं पाय टाकायचा," असें एका वृद्ध हमालानें आम्हांस सांगितलें. दोरीनें सोडलेला कंदील विझला, तर कोणीहि आंत उतरत नसे.

२००५ च्या महापुरांत कृष्णेचें पाणी या पेवांत शिरलें आणि हळदीची मोठी नासाडी झाली. तेव्हांपासून पुष्कळ पेवें ओस पडलीं. माल गोदामांत व शीतगृहांत जाऊं लागला. २०१८ सालीं सांगलीच्या हळदीस भौगोलिक मानांकन मिळालें खरें, पण ज्या मातीच्या पोटांत ती नांवारूपास आली, तिची उपेक्षा पाहून मन खिन्न होतें.

शेतांत आठ-नऊ महिने वाढलेला कंद काढून शिजवितात, उन्हांत वाळवितात, आणि पिंपांत फिरवून त्याची साल घांसतात. तेव्हां त्याचें हळकुंड होतें. त्याचें रंगद्रव्य कर्क्युमिन. तें पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं, स्निग्ध पदार्थांत विरघळतें. आपल्या आज्या हळद तेलांत कां कालवीत, याचें उत्तर त्यांत आहे. अमरकोशांत रात्रीचीं नांवें तींच हळदीचीं सांगितलीं आहेत, शिवाय 'वरवर्णिनी' असेंहि एक नांव दिलें आहे. चरकानें मात्र तिला कुष्ठघ्न, म्हणजे त्वचारोगनाशक, गणांत घातलें. १९९५ सालीं अमेरिकेंत हळदीच्या जखम भरून आणण्याच्या गुणाचें पेटंट दिलें गेलें, तेव्हां डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सी.एस.आय.आर. या संस्थेनें जुने आधार पुढें ठेवले व १९९७ सालीं तें रद्द करविलें. संस्कृत ग्रंथांचा असाहि उपयोग होतो, हें आमच्या जुन्या विद्यार्थ्यांस कळावें!

सांगलीच्या पेठेंत एका दुकानीं हळकुंडाचें चित्र असलेल्या पांच-सहा ट्यूबा आम्हीं मागवून घेतल्या व भिंग लावून त्यांवरील बारीक अक्षरें वाचलीं. कायद्याप्रमाणें शेकडा एकाहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमानें लिहावे लागतात. त्याहून कमी असलेले मागून, कोणत्याहि क्रमानें. बहुतेकांवर पहिलें नांव पाण्याचें. मग ग्लिसरिन, तें ओलावा ओढून धरतें. मग मेण, तेल किंवा पॅराफिन. तें कातडीवर पातळ पडदा धरून तो ओलावा उडूं देत नाहीं. त्यानंतर तेल व पाणी एकजीव करणारें द्रव्य. मलमाचें खरें काम हे तिघेचौघे करितात, आणि चित्र मात्र कोणाचेंच छापलेलें नसतें. हळद 'कुर्कुमा लोंगा' हें लॅटिन नांव धारण करून शेंपटाशीं उभी, म्हणजे बहुधा शेकडा एकाच्या आंत. अर्ध्या हळकुंडानें पिवळें होणें तें याहून निराळें काय!

त्या यादींतील परिरक्षक द्रव्यांचा पुष्कळांस धाक वाटतो. आमच्या मतें तो अनाठायीं आहे. जेथें पाणी तेथें बुरशी व जंतु आलेच. कोरडें उटणें वर्षभर राहतें, पण तेंच दुधांत कालवून दुसऱ्या दिवशीं पाहावें. अंगास खाज सुटली तर संशय आधीं सुगंधावर घ्यावा.

साबणाची गोष्ट आणखी मौजेची. हळदीचा डाग पडलेल्या धोतरास साबण लावला कीं तो लाल होतो, हें प्रत्येक गृहिणी जाणते; कारण साबण क्षारधर्मी. मग 'हळदीचा' साबण पिवळाधमक कसा राहतो? तो रंग बहुधा दुसऱ्याच कोणाचा असतो.

याच गुणावर आपलें जुनें कुंकू होत असे: हळकुंडें लिंबाचा रस व टाकणखार यांत मुरवून, वाळवून कुटीत. आतां कृत्रिम रंगाचें कुंकू सर्वत्र झालें, आणि त्याहून सोयीची टिकली. टिकलीमागील कांहीं डिंकांत एक फिनॉल जातीचें द्रव्य असतें; त्यानें कपाळावर टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग उठतो. असा डाग दिसतांच टिकली बंद करून त्वचारोगतज्ज्ञास दाखवावें. लवकर थांबविल्यास कित्येकींचा रंग परत येतो.

तरी टिकलीनें कपाळच डागाळतें. ज्या डबीवर घटकांचीं नांवेंच नाहींत, व जी 'आठ दिवसांत गोरेपणा' देते, तिची भीति मोठी. हळद कोणास गोरें करीत नाहीं. तिची पिवळी झांक दोनचार स्नानांत जाते. आठ दिवसांत वर्ण उजळला, तर आंत पाऱ्याचा क्षार असण्याचा संभव असतो. २०२० च्या नियमांप्रमाणें चेहऱ्याच्या मलमांत पारा घालण्यास मनाई आहे; नकळत आलेला अंशहि दशलक्ष भागांत एकाहून अधिक असतां कामा नये. पारा कातडीचा रंग तयार होऊं देत नाहीं हें खरें, पण तो कातडींतून आंत शिरून मूत्रपिंडें बिघडवितो. लग्न ठरलेल्या मुलीच्या पेटींत अशी डबी आढळली, तर घरांतील वडील बायकांनीं ती आजच काढून घ्यावी. आणि ती वापरून महिने लोटले असतील, पायांवर सूज किंवा लघवीस फेंस दिसत असेल, तर मुहूर्ताची वाट न पाहतां डॉक्टरांकडून मूत्रपरीक्षा करून घ्यावी.