ओट्याजवळचं बाकडं

दसरा-दिवाळी जवळ आली की आपल्या डोक्यात पहिल्यांदा येतं ते स्वयंपाकघर. बाहेरची खोली एकवेळ नवे पडदे लावून भागते, पण स्वयंपाकघराचं तसं नसतं. डबे काढा, घासा, उन्हात ठेवा, फळ्यांवरचे कागद बदला, ओट्याखालची अडगळ उपसा. एवढं करून दमून बसावं, तर कुणी मैत्रीण नव्या ट्रॉल्या दाखवायला घरी बोलावते. आपण कौतुक करतो, चहा घेतो, आणि परत आल्यावर आपलं चांगलं घासलेलं स्वयंपाकघर उगीचच कळकट दिसू लागतं!

मग विचार सुरू होतात. टाईल्स बदलाव्यात का? कपाटांना कोणता रंग द्यावा? मला रंगाची, सजावटीची हौस नाही असं नाही. पण मधल्या काही वर्षांत मी स्वयंपाकघराची एक वेगळीच परीक्षा करायला शिकले आहे. स्वयंपाक करणारीशी चार शब्द बोलायला आलेल्या माणसाला तिथे बसता येतं का? बसता येत असेल तर ते स्वयंपाकघर ऊबदार. नसेल, तर कितीही पैसे घाला, ते नुसतं चकचकीत.

हे मला शिकवलं आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी. आम्ही बीडला राहतो. घर तयार घेतलेलं, त्यामुळे स्वयंपाकघरही तयारच मिळालं. आठ फूट बाय दहा फूट, काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, खाली ट्रॉल्या, भिंतींना वरपर्यंत पांढऱ्या टाईल्स आणि डोक्यावर पांढरी ट्यूब. सोयीचं आहे, त्यात शंका नाही. हात लांब केला की डबा, वळलं की सिंक. मामंजी गेले आणि आत्याबाई धारूरजवळच्या गावाहून कायमच्या आमच्याकडे आल्या. पहिल्याच दिवशी त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या, सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाल्या, "समदं झ्याक हाय बाई. पर इथं बसावं कुठं?"

मी बाहेरची खुर्ची आणून पाहिली. ती ठेवली की ट्रॉली उघडेना. जमिनीवर बसायचं तर त्यांचे गुडघे वाकत नाहीत, आणि उभं तरी किती वेळ राहणार? शेवटी खुर्ची बाहेर गेली, तिच्याबरोबर आत्याबाईही बाहेर गेल्या. दिवसभर टीव्हीसमोर बसायच्या. दोन-तीन महिन्यांत जेवण निम्म्यावर आलं. "भूक न्हाई" हे एवढंच बोलणं. डॉक्टरांनी तपासलं, साखर, रक्तदाब सगळं ठीक. "मन रमवा त्यांचं," असं म्हणाले. यांना वाटे, आईला गावची आठवण येते. येतच असणार! पण गावची म्हणजे नेमकी कशाची?

तुमच्यापैकी ज्यांचं माहेर किंवा सासर मराठवाड्यातल्या खेड्यात आहे, त्यांना माळवदाचं घर सांगायला नको. हातभर जाडीच्या भिंती, वर लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत, त्या छताला साणं. साण्यातून उन्हाचा कवडसा खाली पडायचा आणि सारवलेल्या भुईवरून सरकत जायचा. तो उतरंडीपाशी पोहोचला की आत्याबाई भाकरीचं पीठ मळायला काथवट पुढे ओढत. चूल भुईवर, शेजारी वैल, पाटा-वरवंटा भुईवर. सगळं कामच बसून, त्यामुळे येणारा प्रत्येक माणूस आपोआप बसायचा. शेजारीण येऊन विळी पुढे ओढायची, पोरं ताटल्या घेऊन गोळा व्हायची, मामंजी शेतातून आले की दारातच टेकायचे. पन्नास वर्षं साऱ्या घराचा कारभार त्या चुलीपुढून चालला. कुणाचं लग्न ठरलं, कुणाची म्हैस व्याली, कुणाला काय हवं, सगळं तिथेच कळायचं.

म्हणून ते स्वयंपाकघर चांगलं होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. फुंकणीनं फुंकून आत्याबाईंचे डोळे कायमचे लाल झालेले आणि खोकला पाठ सोडत नाही. गॅस आला हे बाईवर उपकारच झाले. माळवदाचंही तेच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादकडची दगडमातीची घरं छताच्या ओझ्यानं झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्यानंतर आमच्याकडेही कितीतरी लोक माळवदाखाली झोपायला धजेनात. तेव्हा जुनं ते सोनं म्हणून चूल परत आणायचा माझा मुळीच विचार नव्हता. प्रश्न एवढाच होता की धूर गेला, त्याच्याबरोबर माणसंही का गेली?

उभ्यानं स्वयंपाक करायच्या आटोपशीर स्वयंपाकघराचा एक फार गाजलेला नमुना १९२६ साली जर्मनीत तयार झाला. फ्रँकफुर्ट शहरात तेव्हा नवी घरं मोठ्या संख्येनं बांधली जात होती. त्यांच्यासाठी मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या वास्तुविशारद बाईंनी स्वयंपाकघर आखलं. सहा फुटांहून थोडं रुंद, सव्वा अकरा फूट लांब. बाईची पावलं वाचावीत, कामं भराभर उरकावीत, म्हणून प्रत्येक वस्तूची जागा मोजूनमापून ठरवलेली. अशी जवळपास दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली. कप्प्यांना रंग निळा दिला, कारण निळ्यावर माश्या बसत नाहीत असं तेव्हा मानत. (आपल्याकडे चुन्यात नीळ घालत, ती आठवली ना?) त्या स्वयंपाकघरात एक फिरतं स्टूलही होतं. पण एकच! काम करणारीच्या सोयीचा इतका बारीक विचार केला, पण जागा राहिली ती एका बाईपुरती. ती त्यात एकटी पडते, अशी टीका पुढे झालीच. आपल्या आजच्या फ्लॅटमधलं स्वयंपाकघर पाहिलं की मला ते एकच स्टूल आठवतं. आपल्याकडे तर तेही नसतं.

मग आम्ही काय केलं, ते सांगते. फार खर्चाचं काही नाही. खिडकीकडच्या टोकाला भिंतीशी तीन फूट रुंदीचं एक कपाट होतं, त्यात वर्षातून एकदा लागणारी भांडी. ते सुताराकडून काढून घेतलं. गावच्या घराचं जुनं सागवानी दार पडून होतं, त्याच्या फळ्यांचं बाकडं करून घेतलं. उंची अठरा इंच, म्हणजे गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठबस करता येते. बाकड्याखाली कांदे-बटाट्यांच्या टोपल्या बसतात, म्हणजे जागा वाया गेली नाही. शेगडी दुसऱ्या टोकाला आहे, त्यामुळे फोडणी अंगावर उडायची भीती नाही. बसायला आत्याबाईंच्या जुन्या इरकली लुगड्यांची वाकळ घातली. समोर मांडीच्या उंचीचं एक छोटं स्टूल, त्यावर परात राहते.

उजेडाचं थोडं पाहिलं. ओट्यावर पांढराच दिवा ठेवला, कारण तांदळातला खडा पिवळ्या उजेडात लवकर दिसत नाही. बाकड्यावर मात्र पिवळसर एलईडी लावला. खोक्यावर २७०० केल्विन लिहिलेलं पाहून घ्यावं. ६५०० असेल तर दवाखान्यासारखा पांढरा उजेड पडतो. खिडकीत कढीपत्ता आणि पुदिना लावला. कडधान्यं काचेच्या बरण्यांत भरली. मूग, मसूर, मटकी, चवळी एका ओळीत लावली की वेगळ्या चित्राची गरजच उरत नाही. आणि माळ्यावर टाकलेले तांब्या-पितळेचे हंडे-कळश्या चिंच-मीठ लावून घासले, फळीवर मांडले. आपल्या जिल्ह्यात ही नुसती शोभा नव्हे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. टंचाईच्या उन्हाळ्यात तेच भरून ठेवावे लागतात.

बाकडं आलं त्या दिवशी आत्याबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी येसराच्या डाळी भाजत होते. मागून आवाज आला, "एकटीच काय करायलीस गं? आच कमी कर, करपंल." वळून पाहते तर बाई वाकळीवर टेकलेल्या! मग लसणाची परडी आपसूक त्यांच्यापुढे गेली. हळूहळू ज्वारी निवडणं, शेंगा फोडणं, माझ्या चुका काढणं सगळं सुरू झालं. पहिली गरम भाकरी त्या तिथेच बसून खातात, आणि दुसरी मागून घेतात. अजूनही कधी कधी दिवसभर गप्प असतात. मामंजींची जागा काही बाकड्यानं भरून निघत नाही. पण त्या गप्प असतात तेव्हाही आता आमच्यातच बसून असतात.

गंमत म्हणजे त्या बाकड्यावर आता इतरांचाही डोळा आहे. लेकाचा अभ्यास तिथे, शेजारच्या वहिनींचा चहा तिथे. "मला त्या ट्रॉल्यांमधलं काही कळत नाही" म्हणणारे आमचे हे, आजीशेजारी बसून मटार सोलताना मी स्वतः पाहिले आहेत!

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी पूर्वी ऊसतोडीला जायच्या. दसरा-दिवाळीच्या सुमाराला निघायचं, ते उन्हाळ्याच्या तोंडाला परत. इतके महिने कारखान्यावर कोपीत काढायचे. बाकडं पाहून त्या म्हणाल्या, "ताई, आमी कोपी घातली की पयले तीन दगडं मांडायचो चुलीला. आन् चवथा चापट दगड बगून बाजूला ठिवायचो, येनाऱ्याला बसायला." सहा महिन्यांच्या पाचटाच्या संसारात, जिथे उद्याची पहाटसुद्धा कोयत्याच्या मालकीची, तिथे बाईनं चौथा दगड शोधून आणायचा! सजावट म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

तेव्हा मैत्रिणींनो, यंदा स्वयंपाकघराला रंग काढायचा असेल तर जरूर काढा. ट्रॉल्या करायच्या असतील तर त्याही करा. फक्त सुताराला बोलावण्याआधी शेगडीपुढे उभ्या राहा आणि मागे वळून पाहा. आत्ता कुणी आलं, तर बसणार कुठे? जागा नसली तर एखादं कपाट कमी करा, तेही जमत नसेल तर भिंतीला टेकून ठेवायचं घडीचं स्टूल घ्या. बाकीची सजावट माणसं येऊन बसली की होत राहते.