उजवीकडून येणारा आधी

जर्मनीत राहायला आल्यावर भारतातलं लायसन्स सहा महिनेच चालतं. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. पुण्यात इतकी वर्षं गाडी चालवली, आता पुन्हा श्रीगणेशा कशाला, असं सुरुवातीला वाटायचं. आता नाही वाटत.

इथला एक नियम मनात घर करून बसलाय. चौकात सिग्नल नाही, पाटी नाही, तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. तो लहानशा गल्लीतून येवो, सायकलवर असो, पहिला हक्क त्याचाच. आपली गाडी मोठी आहे, आपण घाईत आहोत, याला काडीची किंमत नाही. रस्त्यावरचा मान गाडीच्या आकारावर ठरू नये, असं मला मनापासून वाटतं.

उजवीकडे वळताना नुसते आरसे पाहून भागत नाही. खांद्यावरून मागे बघायचंच. सरळ जाणारा सायकलवाला आरशात न दिसणाऱ्या जागेत असू शकतो. शिकवणारे गृहस्थ दर वळणाला काही न बोलता स्वतःच्या खांद्यावर दोन बोटं टेकवतात.

आणि हायवेवर वाहतूक तुंबली की सगळ्यात डावीकडची रांग डावीकडे सरकते, बाकीच्या उजवीकडे. भोंगा ऐकू येण्याआधीच अँब्युलन्ससाठी वाट तयार! लेखी परीक्षेसाठी हे वाचताना बोरघाटातल्या कोंडीत अडकलेली अँब्युलन्स आठवली आणि पोटात कालवलं.

प्रत्यक्ष परीक्षा पुढच्या महिन्यात. सुट्टीत पुण्याला गेले की धाकट्या भावाला शेजारी बसून खांद्यावरून बघायची सवय लावणार आहे. तो कुरकुरेल, तरीही.