चार महिन्यांचा संसार

मैत्रिणींनो, दिवाळीचे डबे रिकामे झाले, की आमच्या उल्हासनगर कॅम्प १ मधल्या घरातून दोन माणसं चार महिन्यांसाठी कमी होतात. माझे सासू-सासरे रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या घरी राहायला जातात, ते शिमग्याची पालखी करूनच परततात. गेली सहा वर्षं हा क्रम चालू आहे. आणि दर वर्षी जिन्यात मला कुणीतरी विचारतंच, "काय हो, म्हातारा-म्हातारीला धाडलंत वाटतं गावी?" विचारणारीच्या आवाजातला काटा तुमच्याही ओळखीचा असेल! म्हणून म्हटलं, ही दोघं तिथे करतात तरी काय, ते एकदा सविस्तर लिहावंच.

त्याआधी थोडं मागचं सांगायला हवं. मामंजी १९७५ साली शहाडच्या कारखान्यात लागले. १९७९ साली लग्न झालं, पण बिऱ्हाड करायला जागा होती कुठे? एका खोलीत गावचे पाच जण राहत. सासूबाई गावीच राहिल्या, सासूच्या हाताखाली, शेती आणि गुरं सांभाळत. त्या काळी आमचा जिल्हा मनीऑर्डरवर जगतो असं म्हणत, ते काही खोटं नव्हतं. नवरा दिसायचा तो गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात. अशी अकरा वर्षं गेली. पुढे त्या इकडे आल्या, तर दोन खोल्यांत दीर, पुतणे, मुलं, आणि ह्यांची पाळ्यांची ड्यूटी! २०११ साली मामंजी निवृत्त झाले. शाल-श्रीफळ मिळालं, वेळ मिळाला. सासूबाईंना मात्र काहीच मिळालं नाही. उलट माणूस दिवसभर घरात, म्हणजे चहा चार वेळा!

आता गावचा दिवस ऐका. साडेपाचला मामंजी उठतात. हो, मामंजीच! अंगणाच्या कडेची पाण्याची चूल तेच पेटवतात, अंगणातला पातेरा तेच झाडून गोळा करतात. उल्हासनगरला ज्यांनी पाण्याचा पेला कधी हाताने घेतला नाही, ते तिथे चहा करून सासूबाईंच्या हातात कप देतात. नाताळच्या सुट्टीत मुलांना घेऊन गेले तेव्हा मी हे डोळ्यांनी पाहिलं. मला पाहून ते जरा बावरले, पण कप काही खाली ठेवला नाही. मला वाटतं, अंगणातली चूल पेटवणं हे पुरुषाचं काम ठरलं, आणि चूल पेटवलेला माणूस चहा ठेवूनच आत येतो. शिवाय सून समोर नाही, चाळीतले डोळे नाहीत, मग लाज कुणाची?

गेल्या गेल्या पहिला आठवडा पावसाळ्याचा ओलसर वास काढण्यात जातो. भिंतींची बुरशी पुसायची, अंथरुणं उन्हात घालायची, अंगण चोपून शेणाने सारवायचं. मग दारात लाल माठ, मुळा, मिरची, वांगी, आणि कुंपणाच्या कडेने पावटा. डिसेंबर-जानेवारीत आंब्याला मोहर आला, की दोघांचं लक्ष आभाळाकडे. मळभ आलं, की मोहरावर तुडतुडे पडतात, म्हणून मामंजी अस्वस्थ. झाडं मोजून सात, पण काळजी बागाईतदाराची!

दुपारी तांदळाची भाकरी आणि कुळथाची पिठी. फटफटीवरून मासेवाला हॉर्न वाजवत आला, तर त्या दिवशी चैन. जेवण दोनच माणसांचं, भांडी चार. सासूबाई म्हणतात, "मला हाताला काम कमी आहे असं पहिल्यांदाच वाटतंय गं."

संध्याकाळी ओटीवर बैठक भरते. कुणी बी.ई.एस.टी.तून निवृत्त झालेले, कुणी गोदीतले, एक तर १९८२ च्या संपात गिरणीतली नोकरी गेलेले. सगळे आपापली डोंबिवलीची, विरारची घरं मुलांवर सोपवून थंडीपुरते आलेले. पुरुष गुडघ्यांवर आणि भाजीच्या भावांवर बोलतात. बायका पडवीत शेंगा सोलतात. त्यातल्या बऱ्याच जणी तरुणपणी ह्याच वाडीत नवऱ्यावाचून राहिलेल्या. आता नवरे जवळ आहेत, तर "किती बोलतात हो हे!" अशी लाडिक तक्रार!

माझी एक मैत्रीण भावाकडे अमेरिकेला जाऊन आली. तिने सांगितलं, तिकडे थंड मुलखातली निवृत्त जोडपी हिवाळ्यात चाकांवरचं घर घेऊन ॲरिझोनाला, फ्लॉरिडाला, नाहीतर टेक्सासच्या दक्षिण टोकाला जातात. तिथे अशा घरांच्या मोठ्या वसाहतीच असतात. पाणी, वीज जोडून द्यायची, आणि मार्च-एप्रिलपर्यंत शेजाऱ्यांबरोबर पत्ते, नाच, गप्पा. त्यांना ‘स्नोबर्ड’ म्हणजे बर्फातली पाखरं म्हणतात. मी म्हटलं, अगं, आमच्या घरीही दोन पाखरं आहेत, फक्त त्यांचं घर चाकांवर नाही, जांभ्या दगडाचं आहे!

पण सगळंच गोड नसतं. गेल्या जानेवारीत मामंजींना रात्री घेरी आली. वाडीतल्या एका मुलाने रिक्षा काढली आणि ग्रामीण रुग्णालयात नेलं, म्हणून निभावलं. आमचे हे दुसऱ्या दिवशी रजा टाकून गावी पोहोचले ते दोघांना घेऊन येण्याच्या तयारीनेच. सासूबाई एरवी मुलाच्या शब्दाबाहेर नाहीत, पण त्या दिवशी म्हणाल्या, "अकरा वर्षं मी ह्याच पडवीत बसून ह्यांच्या मनीऑर्डरची वाट बघितली. आता माणूस आलाय, तर घर सोडून येऊ? शिमगा झाल्याशिवाय येणार नाही." ह्यांच्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगू? माझ्याकडेही नव्हतं.

आमचं उल्हासनगर मुळात दुसऱ्या महायुद्धातली सैनिकांची छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना इथल्या बराकींत जागा मिळाली, आणि ऑगस्ट १९४९ मध्ये वस्तीला हे नाव मिळालं. शेजारच्या सिंधी अम्मा अगदी लहानपणी आईच्या कडेवर इकडे आल्या. जिन्यातली कुजबूज त्यांच्याही कानावर होती. मला म्हणाल्या, "जाने दो बेटी. गाँव है तो जाते हैं. हमारा तो उधर ही रह गया." त्या दिवसापासून जिन्यातल्या प्रश्नाला मी हसून ‘हो’ म्हणते आणि पुढे जाते.

तुमच्याही घरी असा बेत असेल, तर अनुभवाच्या चार गोष्टी:

निवृत्तिवेतनासाठीचा हयातीचा दाखला निघण्याआधीच देऊन टाकावा. आता तो मोबाइलवरूनही देता येतो.

औषधं दोन महिन्यांची द्यावीत. नावं आणि वेळा मोठ्या अक्षरात लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवाव्यात. तिथेच १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक आणि वाडीतल्या गाडीवाल्याचा नंबर लिहावा.

लाकडं, शेणी काढताना आधी काठीने हलवावं. थंडीत विंचू आडोशाला बसतो.

एस.टी.ने जात असाल, तर मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. पासष्टच्या पुढच्या पुरुषांनाही अर्धंच, आणि पंचाहत्तरी ओलांडली की ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. वयाचा पुरावा जवळ ठेवावा.

आणि शेवटचं, म्हणजे फोनची वेळ ठरवून घ्यावी. आमची संध्याकाळी सातची आहे. दिवसातून पाच वेळा "जेवलात का, गोळी घेतलीत का" विचारू नये. परवा सात वाजता मी फोन केला, तर सासूबाई म्हणाल्या, "नंतर कर गं. ह्यांनी भाकरी थापायला घेतली आहे. फुगते की नाही, ते बघतेय!"