पुनर्वसन

आम्हां मराठवाड्यांतील माणसांना ‘पुनर्वसन’ हा शब्द कोशांतून शिकावा लागला नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या भूकंपानें तो शिकविला. पुढें लातूर-धाराशिव भागांतील ५२ गांवें जुनी जागा सोडून नव्या ठिकाणीं वसविण्यांत आलीं. घरें पक्कीं झालीं, रस्ते सरळ झाले. जुनें माळवद मात्र मागेंच राहिलें. मी लातूरकडचा, पोटासाठीं नांदेडला प्राध्यापकी करणारा. पुनर्वसन म्हणजे दुसरीकडे वसणें, हाच अर्थ आमच्या कानांत बसलेला.

मध्यंतरीं जुन्नर तालुक्यांतील माणिकडोहचें बिबट्यांचें निवारा केंद्र पाहण्याचा योग आला, आणि या शब्दाची दुसरी बाजू दिसली. धरणांचें पाणी आलें, तसा त्या मुलखांत ऊंस वाढला. वर्षभर उभ्या असणाऱ्या त्या दाट फडालाच बिबट्याची मादी रान मानते व तेथेंच विते. तोड सुरू झाली कीं पिलें उघडीं पडतात. कोयता आवरून मागें सरणाऱ्यांत आमच्या मराठवाड्याचीं माणसेंही असतात. त्यांचें स्वतःचें मूल बांधावर झोळींत निजलेलें असतें.

अशा पिलांना उचलून आणणें सोपें असतें. परंतु माणसाच्या हातचें खाऊन वाढलेला बिबट्या शिकार शिकत नाहीं, आणि माणसाची भीतिही गमावतो. मग जन्मभर पिंजरा! बोर्निओंत ताडतेलाच्या मळ्यांसाठीं रान तुटलें, तेव्हां पोरक्या झालेल्या ओरांगउटानच्या पिलांना आईनें सहा-सात वर्षें शिकवावयाचें तें माणसांना शिकवावें लागत आहे. जुन्नरला म्हणून निराळी रीत पडली आहे. पशुवैद्य पिलें तपासतात, आणि संध्याकाळीं सांपडल्या जागींच तीं पेटींत ठेवून माणसें दूर होतात. अंधारांत मादी येते आणि एकेक पिलूं तोंडांत धरून नेते.

दयेला उचलून घेणें लवकर जमतें. खालीं ठेवून बाजूला होणें तिला शिकावें लागतें. हें ऐकून मला फार बरें वाटलें. पण मादी पिलांना नेते कोठें? बहुधा शेजारच्या फडांत. आणि तोही उद्यां तुटावयाचा असतो. किल्लारीकरांना निदान दुसरी जागा दाखवितां आली. हिला कोणती दाखवावी, हें तेथें कोणालाही विचारण्याचा मला धीर झाला नाहीं.