कुपीवरची बारीक ओळ

जिमला जाणाऱ्या पोरांच्या बोलण्यात सध्या बीपीसी-१५७ हे नाव वारंवार येतं. माझ्या भाच्याचा खांदा वजन उचलताना दुखावला. डॉक्टरांनी विश्रांती आणि फिजिओथेरपी सांगितली, मित्रांनी हे इंजेक्शन सांगितलं. पोराला मित्रांचं पटलं. आपा मला म्हणाली, "यात डुकराचं काही नाही ना, एवढं बघ."

आपाच्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. बीपीसी-१५७ म्हणजे १५ अमिनो आम्लांची छोटी साखळी. जठररसातल्या एका प्रथिनाचा हा तुकडा, असं त्याचे संशोधक सांगतात. पण प्रत्यक्षात तो रसायनांपासून तयार करतात. अवघड प्रश्न पुढचा होता : माणसांवर तो तपासलाय कोणी?

क्रोएशियातल्या झाग्रेबमध्ये प्रेड्राग सिकिरिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. उंदरांमध्ये स्नायूंच्या तुटलेल्या दोऱ्या आणि आतड्यातल्या जखमा लवकर भरताना दिसल्या. नव्या रक्तवाहिन्या फुटायला त्याची मदत होते, असं या प्रयोगांतून दिसतं. जखमेला ते हवंच असतं. पण शरीरात एखादी कॅन्सरची गाठ लपलेली असेल तर तीही रक्तवाहिन्यांवरच पोसते. म्हणून मोठ्या, लांब मुदतीच्या चाचण्या लागतात. माणसांवरचे अभ्यास मात्र मोजके आणि फार लहान आहेत.

अमेरिकेच्या एफडीएने औषध म्हणून त्याला मान्यता दिलेली नाही. २०२३ मध्ये तर तिथल्या औषधं बनवून देणाऱ्या फार्मसींसाठी त्याला सुरक्षिततेची मोठी शंका असलेल्या पदार्थांच्या यादीत टाकलं. शरीराची प्रतिकारशक्ती त्याच्यावर उलटू शकते आणि मालात अशुद्धी असू शकते, ही त्यामागची कारणं. 'वाडा' या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०२२ पासून खेळाडूंना त्याची बंदी केली आहे.

ऑनलाइन मिळणाऱ्या कुपीवर बारीक अक्षरांत बहुतेक वेळा लिहिलेलं असतं : फक्त संशोधनासाठी, माणसांच्या वापरासाठी नाही. या एका ओळीने विकणारा मोकळा होतो. सुई टोचली तिथे पू झाला, तर त्रास पोराचा आणि खर्च आईबापाचा.

आपल्याकडे हलालच्या जोडीला तय्यब हा शब्द येतो. तय्यब म्हणजे चांगलं, शुद्ध. आपाचा पहिला प्रश्न योग्यच होता, पण तो तिथे संपत नाही.

घरात अशी कुपी दिसली तर पोरावर ओरडू नका, नाहीतर तो ती लपवेल. ती बारीक ओळ त्याला मोठ्याने वाचायला लावा आणि कुपी घेऊन दोघं डॉक्टरांकडे जा.