खात्रीची वाट पाहू नकोस

तात्यापारा, रायपूर

चि. मीनल,

फोनवर तुझ्याभोवती माणसं असतात, म्हणून लिहितेय. तुझ्या वसतिगृहातली तिसरीतली मुलगी पुन्हा अंथरूण ओलं करू लागलीय, सारखं ‘पेट पिरावत हे’ (पोट दुखतंय) म्हणते आणि एक ठरावीक माणूस आला की ताटावरून उठते, असं तू सांगितलंस. मग म्हणालीस, ‘पण मावशी, खात्री नाही गं.’

खात्री करणं तुझं काम नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे. त्याच्या १९व्या कलमाप्रमाणे असा गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होईल अशी धास्ती वाटली, तरी पोलिसांना कळवावंच लागतं. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. गुन्हा दडवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थाप्रमुखाला वर्षापर्यंत. तुमच्या अधीक्षिका ‘आधी आपसात चौकशी करू’ म्हणतात, त्यांना हे स्पष्ट सांग.

आपसात ठेवल्यानं काय होतं ते आपण पाहिलंय. कांकेर जिल्ह्यातल्या झलियामारीच्या कन्या आश्रमात लहान आदिवासी मुलींवर अत्याचार होत होते. जानेवारी २०१३ मध्ये ते उघड झालं आणि अटक झाली ती शिक्षकाला आणि चौकीदाराला, म्हणजे ज्यांच्या भरवशावर मुली तिथे होत्या त्यांनाच. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर, अत्याचार झाल्याचं कळूनही पोलिसांना न सांगितल्याचा आरोप होता. उच्च न्यायालयानं त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय फिरवला आणि वेळेवर कळवणं किती महत्त्वाचं आहे ते बजावलं.

पोटदुखी जंतांचीही असेल, डॉक्टरांना दाखवच. पण वागण्यातले इतके बदल एकदम आणि एकाच माणसाभोवती दिसतात, तेव्हा थांबायचं नसतं.

ती बोलू लागली तर शांतपणे ऐक. ‘त्यानं असं केलं का?’ असं विचारून शब्द तिच्या तोंडी घालू नकोस. ‘मग काय झालं?’ एवढंच पुरे. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नकोस. ‘सांगितलंस ते चांगलं केलंस, तुझी काही चूक नाही’ हे मात्र नक्की म्हण. ती छत्तीसगढीत बोलली तर तारीख घालून तसंच लिहून ठेव. पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नकोस आणि त्या माणसाला जाब विचारायला जाऊ नकोस. तो सावध होईल, तिला धमकावेल.

पत्र मिळताच १०९८ ला फोन कर किंवा ठाण्यात जा. जबाब तिच्या घरी किंवा तिला बरं वाटेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. तिचं नाव कुठेही छापता येत नाही. चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीलाही कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

शाळेची बदनामी केलीस म्हणून लोक तुला बोलतील. बोलू देत. त्या मुलीला आज एका मोठ्या माणसाची गरज आहे आणि तिनं तुला निवडलंय. ठाण्यात एकटीनं जायला धीर होत नसेल तर कळव, पहिल्या बसनं निघते.

तुझी,
सुमनमावशी